वरून पांघरूण, खालून हुडहुडी!

कोकणात कसली आलीय थंडी, असं नाशिक-पुण्याची माणसं हसत विचारतात. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेरहून निघून चौलच्या बंदरात उतरलेला अफानासी निकितीन तर इथली माणसं उघड्या अंगाने हिंडताना पाहून थक्क झाला होता आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. डिसेंबर-जानेवारीत अलिबागचा रात्रीचा पारा साधारण १६ ते १८ अंशांवर येऊन थांबतो. महाबळेश्वरवाला याला थंडी म्हणायचाच नाही.

तरीही नागावला, काशीदला, दिवेआगरला सुरूच्या दोन झाडांत हॅमॉक बांधून झोपलेला माणूस पहाटे तीनला दात वाजवत उठून बसतो. अंगावर दोन चादरी, डोक्याला माकडटोपी, पायात मोजे, सगळं जागच्या जागी. छाती उबदार असते, पाठ गार आणि पाठीच्या खालचा भाग त्याहून गार. परदेशातल्या हॅमॉकवाल्यांनी या दुखण्याला 'कोल्ड बट सिंड्रोम' असं भारदस्त नाव दिलंय. आपण 'बूड गारठणं' म्हणू या. या गारठ्याची कारणं मजेशीर आहेत आणि उपाय बहुतेकांच्या घरात माळ्यावर पडलेले आहेत.

ऊब देते ती हवा

कुठलंही पांघरूण स्वतः गरम नसतं. ते फक्त हवा कोंडून ठेवतं. स्थिर हवेतून उष्णता अतिशय मंद सरकते; पाण्यातून ती हवेच्या सुमारे चोवीसपट वेगाने निसटते. लोकर, कापूस, पिसं, फोम ही सगळी हवेला अडकवून ठेवण्याची निरनिराळी जाळी.

झोपलेल्या माणसाचं शरीर ७०-७५ वॅट उष्णता तयार करतं, म्हणजे पूर्वीच्या पिवळ्या बल्बपेक्षा जरा जास्त. त्या उष्णतेवर रात्र काढायची असते. जमिनीवर झोपलात तर खालची माती थोडी तापते, खालून वारा तर नसतोच. हॅमॉकमध्ये मात्र तुमच्या पाठीखाली नायलॉनचा एक पातळ पदर आणि त्याखाली मोकळं आभाळ. तुम्ही तापवलेली हवा वारा घेऊन जातो, तुम्ही नवी तापवता, तीही जाते. रात्रभर हाच उद्योग.

मग स्लीपिंग बॅग? ती तर हिमालयातही चालते! चालते, पण वरच्या बाजूने. खालची बाजू तुमच्या वजनाखाली चेपून चपाती होते. तिच्यातली हवा गेली की ऊबही गेली. महागडी बॅग घेऊन गेलेला आणि साधी चादर घेऊन गेलेला, हॅमॉकमध्ये दोघांची पाठ जवळजवळ सारखीच गारठते. या एका बाबतीत गरीब-श्रीमंत भेद निसर्गाने ठेवलेला नाही.

सुटाबुटातलं एकक

उबेचंही माप असतं. त्याचं नाव 'क्लो'. १९४१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते ठरवलं. साधारण २१ अंशांच्या खोलीत, शांत बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल एवढे कपडे म्हणजे १ क्लो. थोडक्यात, एक पुरुषी सूट. उघड्या अंगाच्या माणसाला काहीही न पांघरता बरं वाटायला भोवतालची हवा साधारण २८ ते ३० अंश लागते. आता जानेवारीतल्या नागावची पहाट धरा. १७ अंश म्हणजे उघड्या अंगाच्या सुखापेक्षा दहा-बारा अंश खाली, आणि झोपेत शरीराची भट्टीही मंदावलेली. दोन क्लोच्या आसपास पांघरूण हवं, सगळ्या बाजूंनी. वरून तीन क्लो आणि खालून शून्य, याची सरासरी दीड येत असली तरी पाठीला सरासरी कळत नाही.

वाऱ्याचा हिशोब वेगळाच. 'विंड चिल' हा शब्द आता टीव्हीवरच्या हवामानवाल्यांच्या तोंडी असतो. तो मोजण्याचा पहिला खटाटोप पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघांनी १९४१ मध्ये अंटार्क्टिकात केला. त्यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यावर टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजत बसले. टांगलेली वस्तू वाऱ्यात पटकन गार होते, हे त्यांनी नळकांड्यावरून शोधलं. आपण स्वतःला टांगून घेतो.

पडदा कोणत्या बाजूला लावाल?

किनाऱ्यावर हॅमॉक बांधणारा नवखा माणूस ताडपत्री हमखास समुद्राच्या बाजूने खाली ओढतो. वारा समुद्रावरून येतो, अशी त्याची समजूत. शाळेतला भूगोल आठवा: दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. दिवसा जमीन तापते, तेव्हा वारा समुद्रावरून येतो. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते आणि वारा उलटा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे. हिवाळ्यात तर एकूण वाराही ईशान्येकडूनच असतो. म्हणजे पहाटेचा बोचरा, कोरडा वारा येतो सह्याद्रीकडून, आणि तुमची ताडपत्री पहारा देत असते अरबी समुद्रावर! रायगडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पडदा पूर्वेला. खर्च शून्य, आणि फरक पहिल्याच रात्री कळतो.

ताडपत्री पावसासाठी असते आणि हिवाळ्यात पाऊस नाही, म्हणून ती न बांधणारेही असतात. पण स्वच्छ आभाळाखाली प्रत्येक वस्तू आपली उष्णता आभाळाकडे फेकत असते. त्यामुळेच पानं हवेपेक्षा गार होतात आणि त्यांच्यावर दंव धरतं. वर एक साधं छप्पर असलं की ही गळती कमी होते आणि दंवही त्या छपरावरच पडतं. सुरूची दाट फांदी थोडंफार हेच काम करते. वाळूवर अगदी पुढे, उघड्यावर झोपण्याची हौस असेल तर पहाटे पांघरूण पिळून काढायची तयारी ठेवा.

किहीमचे लटकते बंगले

हॅमॉकमध्ये राहणारे रायगडचे जुने रहिवासी म्हणजे सुगरण पक्षी. त्यांचा अभ्यास जगप्रसिद्ध झाला तो अलिबागजवळच्या किहीममुळे. जर्मनीहून शिकून आलेले, पण हाताला नोकरी नसलेले पक्षितज्ज्ञ सालीम अली १९३० साली किहीमच्या घरी राहत होते. जवळच सुगरणींची वस्ती होती. ते तासन्‌तास बसून पाहत राहिले आणि एक बिंग फुटलं. घरटं बांधतो नर. अर्धं झालं की मादी पाहणीला येते. पसंत पडलं तर संसार, नाहीतर पुढचं घर. पसंती मिळाली की नर ते घरटं पुरं करतो आणि लगेच दुसरं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! मुंबईच्या बिल्डरांआधीच किहीममध्ये 'अर्धं बांधकाम दाखवून बुकिंग' चालू होतं.

आपल्या कामाची गोष्ट अशी की सुगरणीच्या घरट्यात अंड्यांची खोली बंदिस्त असते आणि आत शिरायची नळी खाली तोंड करून असते. वारा आरपार वाहतच नाही. आपल्या हॅमॉकला मात्र डोक्याकडून पायाकडे सरळ बोगदा असतो.

तिकडे मुरूड-रोह्याच्या बाजूला फणसाड अभयारण्य आहे. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. तिथला शेकरू उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या आणि पानांचा जाडजूड गोळा रचून झोपतो. टांगलेलं नाही, पण खालून जाड. अनुभवी माणूस दिसतो.

कोलंबसाने पाहिलं, आरमाराने उचललं

१४९२ मध्ये कोलंबस बहामाच्या बेटांवर उतरला तेव्हा त्याला तिथली माणसं कापसाच्या जाळीत झोपलेली दिसली. हवा उष्ण, तरी रात्री त्यांचंही बूड गारठायचंच. त्यांचा उपाय सरळ होता: हॅमॉकच्या खाली मंद आग. आजच्या नायलॉनच्या हॅमॉकखाली हा प्रयोग चुकूनही करू नका. एक ठिणगी उडाली की भोक, आणि सुरूच्या वाळक्या काड्यांचा थर पेटला तर बन हातचं जाईल.

इंग्रजांच्या आरमाराने १५९७ मध्ये हॅमॉक रीतसर स्वीकारला. पुढे जहाजावर खलाशाच्या वाट्याला टांगायला रुंदी यायची १४ इंच, म्हणजे जेमतेम दीड वीत. शेजारच्याने कूस बदलली की सगळी रांग हलणार. पण त्या हॅमॉकमध्ये चिंध्यांची किंवा केसांची एक पातळ गादी असायची. खालून काहीतरी लागतंच, हे खलाशांना शास्त्राचं नाव न घेता ठाऊक होतं. दिवसा हॅमॉकची गुंडाळी करून जहाजाच्या कठड्यावर रचून ठेवत. लढाईत बंदुकीच्या गोळ्यांना तेवढाच आडोसा.

आता उमेदवार: गोधडीपासून सुरुवात

हॅमॉकवाल्यांच्या जगात सध्या ज्या वस्तूची चलती आहे तिचं नाव 'अंडरक्विल्ट'. हॅमॉकच्या आत नाही, बाहेरून, पोटाखाली टांगायची दुलई. बाहेर असल्यामुळे तिच्यावर तुमचं वजन येत नाही, ती चेपत नाही, तिच्यातली हवा शाबूत राहते. सगळी युक्ती एवढीच. परदेशात यासाठी लोक चांगले पैसे मोजतात. इकडे आजीने जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून, धावदोरा मारून शिवलेली गोधडी माळ्यावर पडून आहे. तिच्या प्रत्येक दोन पदरांत हवेचा एक पातळ थर असतो, आणि धावदोऱ्यामुळे तो इकडेतिकडे सरकत नाही. पुन्हा पदर जितके जास्त, तितकं वाऱ्याला आरपार जाणं कठीण.

टांगायची कशी? गोधडीला भोक पाडायचं नाही; आजी असेल तर ओरडेल, नसेल तर अपराधी वाटेल. चारी कोपऱ्यांत एकेक गुळगुळीत गोटा आतून धरायचा, त्याच्याभोवती कापडाचा मोदक करायचा आणि मानेला दोरीचा फास आवळायचा. ती दोरी हॅमॉकच्या दोन टोकांना. मध्ये स्कूटरवर सामान बांधायची रबरी दोरी घातली तर उत्तम, कारण तुम्ही आत बसलात की हॅमॉक खाली जातो आणि गोधडीला त्याच्याबरोबर खाली यावं लागतं.

बांधून झालं की आत झोपा आणि दुसऱ्या कुणाला गोधडी आणि हॅमॉकच्या मध्ये हात घालायला सांगा. हात सहज फिरतोय, म्हणजे पोकळी आहे. तिच्यातून वारा वाहील आणि सगळं मुसळ केरात. हात अडकतोय, गोधडी ताणून चप्पट झालीय, म्हणजे हवा गेली. अलगद टेकलेली हवी. दोन्ही टोकं, मानेखालची आणि पायाखालची, नाडी ओढल्यासारखी बंद करायची. बहुतेकांची फजिती इथेच होते. गोधडी उत्तम, टोकं उघडी.

वजन? एकेरी गोधडीही दोन किलोच्या घरात जाते, जाडजूड तर त्याहून जास्त. गडावर चढणारा माणूस ती नेणार नाही आणि त्याने नेऊही नये. पण रायगडच्या किनाऱ्यावर आपण एसटीने, गाडीने किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरून येतो. गाडीतून झाडापर्यंत चालायचं ते पाच मिनिटं. इथे वजनाची चिंता फुकटची आहे. चिंता करायची ती ओलीची. सुती गोधडी दंव प्यायली की हवेच्या जागी पाणी येतं, आणि ते चोवीसपट प्रकरण सुरू होतं. म्हणून गोधडीच्या खालून एक जुनी नायलॉनची साडी किंवा पातळ ताडपत्री झोळीसारखी बांधा. दंव अडेल, वाराही अडेल.

घोंगडी: ओली झाली तरी रुसत नाही

दसरा-दिवाळी उलटली की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कापणी झालेल्या कोकणातल्या खाचरांत कळप बसवतात. शेतकऱ्याला खत, धनगराला धान्य. उघड्या शेतात रात्र काढणाऱ्या या माणसांच्या खांद्यावर घोंगडी असते, आणि ती उगाच नसते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. उलट बाष्प शोषताना थोडी उष्णता सोडते. दमट किनाऱ्यावर याहून चांगला गुण कोणता?

घोंगडीला चिंचोक्याची खळ लावलेली असते, त्यामुळे ती ताठ राहते आणि वारा बऱ्यापैकी अडवते. टोचते, हे खरं. पण हॅमॉकच्या बाहेर टांगलेली घोंगडी टोचणार कुणाला? वारा मोठा असेल तर गोधडी वरच्या बाजूला आणि घोंगडी तिच्याखाली, अशी जोडी लावा. जानेवारीतल्या हरिहरेश्वरच्या पहाटेलाही ती पुरून उरेल.

कॅरीमॅट: स्वस्त, मस्त, पण पळपुटी

ट्रेकरांच्या सॅकवर बांधलेली फोमची गुंडाळी. हिच्यातले हवेचे बुडबुडे बंद असतात. अंगाखाली दाबले तरी फारसे चेपत नाहीत, पाणीही पीत नाहीत. म्हणून ही हॅमॉकच्या आत चालते. नव्या माणसाने पहिली खरेदी हीच करावी, कारण हॅमॉक आवडला नाही तरी मॅट कुठेही वापरता येते.

तिचे दोष दोन. एक, रात्री ती पाठीखालून निसटते आणि पहाटे शेजारी झोपलेली सापडते. दोन पदरी हॅमॉक घेतला तर मॅट मधल्या खिशात सरकवता येते आणि गुमान राहते. दुसरा दोष रुंदीचा. मॅट असते पन्नास-साठ सेंटीमीटर. हॅमॉक मात्र तुम्हाला दोन्ही खांद्यांवरून कवेत घेतो. खांदे मॅटच्या बाहेर, कापडाला टेकलेले, गार. उपाय म्हणून जुन्या मॅटचा एक तुकडा कापून खांद्यांखाली आडवा टाका. दिसायला क्रूस दिसतो, काम चोख करतो.

मॅटचा घाम हा तिसरा दोष म्हणता येईल. फोम श्वास घेत नाही, त्यामुळे पाठ ओलसर होते. मध्ये एक सुती चादर घातली की प्रश्न मिटतो.

चंदेरी कागद, बबल रॅप आणि इतर मंडळी

मोटारीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा हॅमॉकवाल्यांचा जगभर लाडका आहे. मागची कहाणी अंतराळाची: १९६४ मध्ये नासाने प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर धातूचा मुलामा चढवून उष्णता परतवणारा कागद तयार करवला. तो अंगातून किरणांच्या रूपाने निघणारी जवळजवळ सगळी उष्णता परत फेकतो. पण वाऱ्याने नेलेली उष्णता परत आणणं त्याच्या हातात नाही. नुसता कागद रात्रभर कुरकुरतो, आणि आतून घामाचे थेंब धरतो. आत फोम असलेला मोटारीचा पडदा त्यापेक्षा बरा. मॅटखाली जोडीला ठेवावा, एकट्यावर भिस्त नको.

बबल रॅपचा जन्म १९५७ चा, आणि तो भिंतीवर लावायचा कागद म्हणून! न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांनी न्हाणीघराचे दोन प्लास्टिक पडदे एकमेकांना चिकटवले, मध्ये बुडबुडे राहिले. भिंतीला कुणी लावला नाही. मग हरितगृहं उबदार ठेवायला वापरून पाहिला. तेही जमलं नाही. शेवटी तो कॉम्प्युटरच्या खोक्यात जाऊन बसला आणि फळफळला. हॅमॉकमध्ये एका रात्रीपुरता चालतो. कूस बदलली की फटाफट, आणि शेजारच्या हॅमॉकातून शिव्या.

हंसाची पिसं हा राजेशाही प्रकार. पाणपक्ष्यांच्या पोटाजवळची मऊ, बिनदांड्याची पिसं. उत्तम प्रतीची २८ ग्रॅम पिसं फुलली की १३ लिटर जागा भरतात. पट्टकदंब हंस हिमालयावरून उडून आपल्याकडे हिवाळ्याला येतात ते याच अंगरख्यात. पण हंस पिसांना तेल लावतो, आपल्या दुलईला कोण लावणार? ओली झालेली पिसं गोळा होऊन बसतात. रायगडच्या दमट पहाटेला मी पिसांवर पैसे घालणार नाही. अमेरिकी लष्कराला नेमकी हीच अडचण आली होती. पिसांना ओलीत टिकणारा पर्याय हवा म्हणून १९८० च्या दशकात 'प्रिमालॉफ्ट' हा कृत्रिम तंतू तयार झाला. विकतच घ्यायचं असेल तर किनाऱ्यासाठी कृत्रिम तंतूची अंडरक्विल्ट घ्या.

सावरीचा कापूस आठवतोय? उन्हाळ्यात बोंडं फुटतात आणि कापूस वाऱ्यावर उडत फिरतो. त्याचा तंतू आतून पोकळ आणि बाहेरून मेणचट असतो. त्याच गुणामुळे त्याच्या परदेशी भावंडाचा, म्हणजे पांढऱ्या सावरीचा, कापूस दोन्ही महायुद्धांत खलाशांच्या तरंगत्या जाकिटांत भरला गेला. तो स्वतःच्या सुमारे तीसपट वजन पाण्यावर तोलून धरतो. ऊबही चांगली देतो. पण तंतू निसरडा, सुताला लागत नाही आणि दुलईत एका कोपऱ्यात गोळा होतो. म्हणून तो उशीतच बरा.

पेंढा विसरू नका. भाताच्या रायगडात नोव्हेंबरनंतर जागोजागी उडव्या रचलेल्या असतात, आणि पेंढ्याची प्रत्येक काडी पोकळ. हॅमॉकखाली साडीची झोळी बांधून तिच्यात पेंढा भरला तर झकास ऊब मिळते. किडे-मुंग्यांचं भाडं वेगळं. उडवीच्या मालकाला विचारून घ्या; तो त्याच्या गुरांचा वर्षभराचा घास आहे.

थर्माकोल मात्र नको. त्यात ९८ टक्के हवाच असते, म्हणून कोळ्यांची मासळी त्याच्या खोक्यात बर्फासकट टिकते. तुमच्या पाठीखाली त्याचा भुगा होईल आणि ते पांढरे मणी उद्या समुद्रात जातील.

खालून बांधलेल्या थराचा एक जोडफायदा कुणी सांगत नाही. पातळ नायलॉनमधून डास बिनदिक्कत सोंड खुपसतो, आणि मच्छरदाणी असते वर. गोधडीच्या जाडीपुढे त्याचं काही चालत नाही.

अलिबागची शांत खोली

उष्णता अडवण्याचं जिल्ह्यातलं सगळ्यात शिस्तशीर बांधकाम अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक उपकरणं बिथरणार, हे ओळखून तिथले संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली. १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या. पोरबंदरचा, चुंबकाला न जुमानणारा दगड निवडून आणला. भिंतींची आणि खोल्यांची रचनाही अशी केली की बाहेर ऊन असो की पहाट, आतलं तापमान फारसं हलू नये. ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावल्या. तोवर अलिबागचं बस्तान बसलेलं होतं. आपल्याला एवढी शिस्त फक्त पाठीपुरती हवी.

पोपटीनंतरची बाटली

हॅमॉकचा मोसम आणि पोपटीचा मोसम एकच, हे रायगडचं भाग्य. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं मडक्यात भरून शेकोटीत भाजायचं आणि पाण्याचा थेंब नाही. जेवून लगेच झोपलात तर पचनाची थोडी उष्णता मिळते. पण खरी युक्ती शेकोटी विझण्याआधीची आहे. एक लिटर पाणी तापवा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरा, बाटली लोकरी मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये ठेवा. नव्वद अंशांचं ते पाणी निवत पस्तीसवर येईपर्यंत जेवढी उष्णता देतं, तेवढी करायला तुमच्या झोपलेल्या शरीराला पाऊण तासाहून जास्त लागतो. मिनरल वॉटरची प्लास्टिक बाटली वापराल तर ती आधी वाकडी होईल, मग गळेल.

झाडांविषयी, थोडक्यात

दोरी जमिनीशी ३० अंशांचा कोन करेल इतकी सैल ठेवा. ७० किलोचा माणूस असेल तर प्रत्येक दोरीवर ७० किलोचाच ताण येतो. हौसेने ताणून १० अंशांवर आणलीत तर तोच ताण २०० किलोंवर जातो. सैल हॅमॉकमध्ये तिरकं झोपता येतं, पाठ सरळ राहते आणि खालची गोधडीही नीट टेकते.

सुपारीच्या सडपातळ खोडाला बांधू नका. श्रीवर्धनचा वाडीवाला हात जोडेल आणि मनात बोलेल ते छापता येणार नाही. नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही, असं कोकणात म्हणतात. झापाला मात्र डोळे असल्याचं कुणी म्हटलेलं नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातली बेसुमार झाडं आडवी केली. जी उभी राहिली त्यांतली काही आतून खिळखिळी आहेत. कललेलं, पोकळ आवाजाचं, वाळक्या शेंड्याचं झाड सोडून द्या. दोरीऐवजी रुंद पट्टा वापरा, साल सोलत नाही. आणि बन वनखात्याचं असो, ग्रामपंचायतीचं की कुणाची वाडी, आधी विचारा.

हरिहरेश्वर, दिवेआगर, मारळ या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री वाळूवर टॉर्चचा झोत आणि शेकोटी नको. मादी उजेड पाहून मागे फिरते, पिल्लं उजेडाकडे भरकटतात.

तर मग काय घ्यायचं?

डिसेंबर-जानेवारीत बाहेरून टांगलेली गोधडी, तिच्याखाली वारा-दंव अडवणारी साडी किंवा घोंगडी, आणि पूर्वेला पडदा. गोधडी नसेल तर दोन पदरी हॅमॉकमध्ये कॅरीमॅट, खांद्यांखाली आडवा तुकडा. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत नुसती मॅट पुरते. मार्चमध्ये एक जाड चादर. एप्रिल-मेमध्ये रात्रीचा पारा सत्ताविशीच्या आसपास रेंगाळतो, घरात पंख्याखालीही झोप येत नाही. तेव्हा खाली काहीही बांधू नका. डासांपुरती मच्छरदाणी खालपर्यंत घ्या आणि येऊ द्या वारा खालून.